ड्रमातला आवाज

दुष्काळाच्या त्या साली करमाड रस्त्यावरच्या नव्या कॉलनीत मजल्यावर मजले चढत होते आणि नळाला नुसती हवा येत होती. टँकरचा काही भरवसा नव्हता. मोनिकाच्या गच्चीवर पाण्याचे ड्रम रिकामेच पडलेले असत. तिचा धाकटा भाऊ विश्वजीत ते लाटण्यानं वाजवायचा आणि उरल्यासुरल्या ऑइलपेंटनं त्यांच्यावर तोंडं रंगवायचा, सगळी घट्ट मिटलेली. रिकामे ड्रम आपल्याला लई वाईट बोलतात, भरले की गप होतात, असं तो सांगे. डोक्याच्या डॉक्टरचं औषध चालू होतं. वाजवतोय तोवर पोरगं ताळ्यावर आहे, एवढंच मोनिकाला कळत होतं.

त्या दुपारी वाजवणं एकदम थांबलं. धावत जिना चढून मोनिकानं आधी कठड्याकडं पाहिलं. विश्वजीत शेवटच्या ड्रमापुढं बसला होता. ड्रमावर तिचाच चेहरा होता, तोंड मिटलेला.

"ताई, काल यातून तुझा आवाज आला," तो म्हणाला. "तू पण त्यांच्यात गेलीस व्हय?"

"नाय रे" म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. खाली जाऊन तिनं घरातला होता नव्हता तो पिण्याच्या पाण्याचा हंडा आणला आणि सगळा त्या ड्रमात ओतला. तळ जेमतेम झाकला गेला.

विश्वजीतनं ड्रमाला कान लावला. बराच वेळ तो ऐकत राहिला.

"अजून बोलतीयस," तो म्हणाला, आणि तिच्यापासून मागं सरकला.