पंख होते, धड नव्हतं

सुलक्षणाबाईंचा चातुर्मासाचा नेम कडक. घरात जीव मारायचा नाही, मुंगीसुद्धा. मुलुंडच्या त्या फ्लॅटमध्ये झुरळं माजली होती, तरी सुनेने, श्वेताने, स्प्रेचा डबा मुकाट कपाटावर टाकला होता. कार्तिकी एकादशीपर्यंत हात लावणार नाही, असं देवासमोर कबूल केलं होतं.

आणि आज सकाळी निर्माल्य काढताना समईखाली हा पंखांचा ढीग! अभ्रकासारखे पातळ पंख. धड मात्र एकही नाही.

मारून धडं केरात टाकली, पंख तेवढे राहिले. दुसरं काय असणार?

"काल दिवा कोणी लावला गं?"

"मीच. तुम्ही देवळात होतात ना, आई."

"बरं." बाईंनी आवाज चढवला नाही. पण कपाटावरच्या डब्याचं तोंड आज भिंतीकडे होतं. काल इकडे होतं की. केरही सकाळीच बाहेर गेलेला. एवढी कसली घाई?

दुपारी श्वेताने पान वाढलं, तर बाई केळं सोलत बसल्या. "नेम मोडलाय घरात. मोडणाऱ्याच्या हातचं मला चालायचं नाही."

"मी काही मारलं नाही हो!" श्वेताने पान बाजूला सरकवलं. "विश्वास नसेल तर स्वतः बघा."

बघायचंच ठरवलं त्यांनी. संध्याकाळी "देवळात जाते गं" म्हणत दार आतूनच ओढलं आणि चपला हातात घेऊन पडद्याआड उभ्या राहिल्या. श्वेताने समई लावली, हात जोडले, कुकर लावायला गेली. बस.

मग देव्हाऱ्याच्या मागून किडे निघाले. ज्योतीभोवती भिरभिरले, खाली उतरले. एकाने अंग झटकलं आणि पंख गळून पडले. कुणी हातही लावला नव्हता! उपरणं टाकावं तसे पंख टाकून तो चालू लागला. त्याच्यामागे दुसरा, तसाच बोडका. दोघे देव्हाऱ्याच्या फटीत शिरले.

बाईंनी पुढे होऊन लाकडावर बोट टेकवलं. बोट आत गेलं.

वाळवी.

"आई! देवासमोर चपला?" मागे श्वेता उभी.

बाईंनी चपला पदराआड केल्या. उशीर झाला होता.

"आता काढू का स्प्रे?" श्वेताने ओठ दाबून विचारलं.

"खबरदार! देवांना स्टीलच्या ताटात बसव. देव्हारा गॅलरीत जाऊ दे, कार्तिकीनंतर बघू." मग आवाज खाली आला. "आणि माझं पान वाढ. दुपारचंच असलं तरी चालेल."