खोली नंबर चारची किल्ली

गणेशगुडीला काळी नदीवर राफ्ट हाकणारा बस्त्याव पाण्याला कधी भ्यायला नाही. पर्यटकांना मात्र रोज दरडावायचा, "पोहायला येतंय म्हणून जाकीट काढायचं न्हाई. मलाबी येतंय, तरी मी घातलंय!" असा हा गडी एका किल्लीला घाबरला.

झालं असं, की रामनगरच्या सुमनशी त्याचं लग्न ठरलं. चर्चच्या रिवाजाप्रमाणे तीन रविवार दोघांची नावं पुकारायची, त्यातले दोन झाले. येशूच्या मागं चालायचं तर नुसतं तोंडानं नाही, देहानंही चालायचं, लग्नापर्यंत अंतर राखायचं, असं दोघांनी प्रार्थना करून ठरवलेलं. मधेच हा महेश कडमडला! महेश म्हणजे राफ्टवरचा त्याचा जोडीदार. "शनिवारी लॉजवर फोटो काढूया. आणि ही घे खोली नंबर चारची किल्ली, रात्रभर तुमची, आमच्याकडनं भेट. आजकाल कोण थांबतंय रं?" वर पठ्ठ्यानं सुमनलाही फोन लावला. ती नुसतं "बरं" म्हणाली.

त्या "बरं"नं बस्त्यावची झोप उडाली. सुमन त्याला आवडायची, वेड्यासारखी आवडायची, तीच तर पंचाईत! खोलीत गेला तर देवाला दिलेला शब्द टिकायचा नाही. नको म्हणावं तर तिला वाटणार, ह्याला माझी ओढच नाही.

शेवटी शनिवारी सकाळी त्यानं गुपचूप आपल्या मायला बरोबर घेतलं. "चल, तुला लॉज दाखवतो."

दहाच्या बसमधून सुमन उतरली. नवी साडी, केसांत अबोली. आणि तिच्या मागून, काखेत उशी मारून, तिची केशरमावशी!

महेशनं कपाळावर हात मारला.

दोघं नदीकाठी, सगळ्यांच्या नजरेसमोर, खडकावर बसली. "मायला कशाला आणलंस?" सुमननं विचारलं.

बस्त्यावनं एक खडा पाण्यात भिरकावला. "खरं सांगू? मला माझाच भरवसा न्हाई गं. तू समोर आलीस की माझं काय खरं न्हाई."

सुमन हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "मग मावशीला मी कशाला आणलं वाटतंय? तूच सांगतोस न्हवं, पोहायला येतंय म्हणून जाकीट काढायचं न्हाई? मला तर पोहायलाबी येत न्हाई!"

बस्त्यावला इतकं हलकं वाटलं, की तो मोठ्यानं ओरडलाच.

किल्लीचं म्हणाल, तर ती दोघी म्हाताऱ्यांनी पटकावली. एसी लावून दुपारभर घोरल्या, दोनदा चहा मागवला आणि साबणाच्या वड्या पिशवीत टाकून पाचच्या बसला हजर!

दुसऱ्या दिवशी रामनगरच्या चर्चमध्ये फादरांनी तिसऱ्यांदा नावं वाचली. "या लग्नाला कुणाची हरकत असेल तर सांगावं." तोच मागच्या बाकावरून केशरमावशी उठली.

"हरकत न्हाई, फादर, पण जरा लवकर उरका की! ह्या दोघांची राखण करायला मी किती दिस पुरणार?"

पुढच्या बाकावरून बस्त्याव आणि सुमन एकदमच म्हणाले, "व्हय, फादर!"