द्वारकाची सकाळ

१९८३ साली, शैला दुसरीत होती तेव्हा, द्वारकाची सकाळ दुपारी चारपर्यंत टिकू लागली.

बाकीच्या घरात रीतसर दुपार होत असे. तिचा नवरा भालचंद्र एसटी स्टँडवर कंट्रोलर होता. तो एक वाजता जेवायला यायचा तेव्हा स्वयंपाकघरात एकच वाजलेला असायचा. पण मधल्या खोलीत, जिथं द्वारकाची खाट होती, तिथं ऊन खिडकीच्या खालच्या गजावरच असायचं, दारातला सडा ओला असायचा आणि गवळ्याच्या किटलीचा आवाज नुकताच गल्लीच्या तोंडाशी गेलेला असायचा. त्या उजेडात द्वारका पाठीवर पडून राही. मुठी अर्ध्या मिटलेल्या, गुडघे चौकटीत ठोकल्यासारखे. चार वाजले की कडी पडावी तशी सकाळ संपे. बोटं उघडत, आणि त्या खोलीतही एकदम चार वाजत. मधली दुपार तिला मिळतच नसे.

त्या खोलीत जो बसेल त्यालाही ते लागे. भालचंद्र एकदा अर्धा तास तिच्या उशाशी बसला, तर दिवसभर त्याला शिट्टी बोटांत धरता आली नाही. तेव्हापासून द्वारकानं एक नियम केला. शैलानं उंबरा ओलांडायचा नाही. शैला उंबऱ्याबाहेर उभी राहून पाढे म्हणून दाखवी, रिबिनी दाखवी आणि शेजारच्या गोदाकाकूंकडून वेणी घालून साडेअकराच्या शाळेला जाई. द्वारका आतून म्हणे, "घट्ट घातलीय का गं?" आणि पोरगी म्हणे, "काकू ओढतात. तू ओढत नाहीस."

त्या काळी नांदगिरीच्या दवाखान्यात संधिवाताचं पथक नवीन आलं होतं. पथकाच्या प्रमुख हर्डीकर डॉक्टरीणबाई. त्यांनी द्वारकाची बोटं एकेक करून दाबली.

"सकाळ किती वाजेपर्यंत असते?"

"चारपर्यंत."

"आणि पुढं?"

"पुढं संध्याकाळच."

भूक लागते का, झोप येते का, याची उत्तरं ऐकावीत तशी बाईंनी मान हलवली. "हा आजार एकट्या डॉक्टरचा नव्हे, द्वारकाबाई. चौघांनी मिळून धरायचा असतो."

बाई धरून चौघं खरोखर चांगली होती. सिस्टर गायकवाड दर आठवड्याला सोन्याचं इंजेक्शन द्यायच्या. तेव्हा तसं औषध होतं. गोदाकाकू गल्लीभर सांगत सुटल्या, "हिच्या अंगावर गुंजभर नाही, पण अंगात तोळाभर आहे हो!" तात्या सुतार रात्री हाताला बांधायच्या लाकडी पट्ट्या करायचे, आणि त्या टोचू नयेत म्हणून आपल्याच जुन्या धोतराचं अस्तर लावायचे. मुजावर व्यायाम शिकवायचे. "भिंतीवर बोटं चढवा, वहिनी. मुंगी चढते तशी. मुंगीला घाई असते का? नसते. पण पोचते की नाही?"

फाल्गुनात एके दिवशी चौघंही घरी आली. मधल्या खोलीत जाऊन त्यांनी चार कोपरे धरले आणि धुतलेलं लुगडं दोघींनी मिळून झटकावं तशी सकाळ झटकली. कांजी केल्यासारखी ती कडक होती आणि एका अंगाला कोमट. दहापर्यंतची त्यांनी द्वारकाला ठेवली. पुढची सिस्टरनी दातांनी कातरा मारून पट्टीच्या कापडासारखी टराटरा फाडली. दीड-दीड तासाचे चार तुकडे झाले. त्यांच्या घड्या करून ज्यानं त्यानं आपापल्या पिशवीत घातल्या.

"अहो, हे काय?" द्वारका म्हणाली. "हे तुम्ही कुठं नेता?"

"घरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकटीला पेलत नाही म्हणून वाटून घ्यायची. पथकाची हीच रीत आहे."

"आमचं आम्ही बघू, वहिनी," मुजावर हसून म्हणाले. "मला तसंही पहाटे उठायची सवय."

दुसऱ्या दिवशी दहाला द्वारका उठली. तिनं शैलाला आपल्या हातानं न्हाऊ घातलं, दोन वेण्या घातल्या आणि शाळेच्या फाटकापर्यंत सोडून आली. येताना रस्त्यात भर दुपारी उभी राहून तिनं डोक्यावर ऊन घेतलं. आठ महिन्यांत तिनं बारा वाजलेले पाहिले नव्हते.

चैत्र गेला, वैशाख गेला. मग एका गुरुवारी सिस्टरनी इंजेक्शन दिलं ते दोन्ही तळव्यांत सिरिंज धरून. घड्याळाचा पट्टा त्यांनी दातांनी आवळलेला होता. चामड्यावर खुणा दिसत होत्या. द्वारकानं विचारलं, "ताई, तुमची सकाळ किती वाजेपर्यंत असते?"

"संपते की," सिस्टर म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

तात्यांच्या पट्ट्या वाकड्या येऊ लागल्या. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी वाचता येईना. कुणी तक्रार केली नाही. उलट सगळे तिच्याशी जास्तच गोड बोलू लागले, आणि द्वारकाला त्याचीच भीती वाटू लागली. ती शैलाची वेणी घालताना मोजत असे : ही बोटं माझी मोकळी आहेत, ती कुणाची मिटलीत?

ज्येष्ठात दवाखान्यातून पथकाच्या बैठकीचा निरोप आला. एरवी बैठक दुपारी तीनला असे. या वेळी सकाळी नऊची वेळ दिली होती. भालचंद्रानं पाळी बदलून टांगा आणला आणि द्वारकाला उचलून त्यात बसवलं. शैलाला ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून तीही टांग्यात बसली. "बाहेरच थांबायचं," द्वारकानं तिला तीनदा सांगितलं.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं. डॉक्टरीणबाई, सिस्टर आणि तात्या यांनी आपापल्या घड्या टेबलावर काढून ठेवल्या होत्या. मुजावरांच्या जागी त्यांची बायको, रबियाभाभी, बसली होती. तिनं पिशवीतून चौथी घडी काढली आणि द्वारकासमोर ठेवली.

"हे घ्या वहिनी, तुमचं. आमचा माणूस भिंतीला लागलाय."

"म्हणजे?"

"सोमवारी अंगणात व्यायाम करायला उभे राहिले. उजवा हात भिंतीवर चढवत चढवत वरपर्यंत नेला. तो अजून तिथंच आहे. तिथंच पाणी पाजते, तिथंच भरवते. उजाडलंय ते उजाडलंयच आमच्याकडं." ती रडली नाही. "तुमचं वाईट व्हावं असं नाही म्हणत मी. पण माझं एकच माणूस आहे."

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक वाटा मोकळा झाला. तो टाकता येत नाही, कुणीतरी घ्यावा लागतो. घरचा माणूसही पथकातलाच असतो. भालचंद्रराव?"

भालचंद्रानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी घेतला असता हो. पण मला साडेसातची पाळी असते. गाड्या सुटायच्या राहतील."

"मी घेते," दारातून आवाज आला. शैला उंबऱ्यावर उभी होती. "माझी शाळा दुपारची आहे. मला सकाळी काहीच नसतं."

द्वारकानं तिला दटावलं, "शैला, मागं हो."

"लहान हाडांत सकाळ मऊ राहते," डॉक्टरीणबाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "वर्षानुवर्षं कळतसुद्धा नाही. ये बाळ, आत ये." आणि शैलानं एक पाऊल आत टाकलं.

"नाही," द्वारका म्हणाली. "मला नको वाटणी. माझी मला परत द्या."

"निर्णय बैठकीचा असतो, द्वारकाबाई. तुम्हालाही एक मत आहेच. मुलीनं घ्यावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. सिस्टरनी खाली बघत, कोपरातून केला. तात्यांनी केला नाही. ते म्हणाले, "मला नाही पटत, बाई. पोर आहे ते." रबियाभाभी म्हणाली, माझा हात मोजू नका, मी पथकातली नाही.

"मुजावरांचा मोजावा लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांचा वरच आहे. तीन. आता विरुद्ध असलेल्यांनी."

तात्यांनी हात वर केला. भालचंद्रानं टोपीसकट केला. तीनला तीन व्हायला एकच हात कमी होता. द्वारकानं आपला हात उचलायला घेतला. सव्वानऊ वाजले होते. तिची सकाळ संपायला पाऊण तास होता. खांदा हलला नाही. तिनं कोपर रेटलं, बोटांना हाका मारल्या. हात मांडीवर पडून राहिला, दुसऱ्या कुणाचा विसरून राहिल्यासारखा.

"अहो, माझा हात वर करा!" ती नवऱ्याला म्हणाली.

"ज्याचा त्यानं करायचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनाही ते बोलणं अवघड जात होतं हे दिसत होतं. "थांबू आपण. मिनिटभर थांबू."

शैला तेवढ्यात टेबलापर्यंत आली होती. तिनं चौथ्या घडीला हात लावायला बोट पुढं केलं.

द्वारका खुर्चीतून उठली नाही. तिला उठता येत नव्हतं. ती सगळं अंग घेऊन पुढं कोसळली, छातीनं टेबलावर पडली, आणि हात गुंतलेले असताना बाई पदर दातांत धरते तसा तिनं चौथ्या घडीचा काठ दातांत धरला आणि ओढला. घडी सुटली. तिच्या धक्क्यानं बाकीच्या तिन्ही सुटल्या. टेबलावर उजेड पसरला, खाली सांडला आणि फरशीवरून दाराकडं निघाला.

"शैला, पळ!" द्वारका दातांत काठ ठेवूनच ओरडली. "शाळेची घंटा झाली! दार ओढून घे!"

शैला पळाली. बाहेर गेली आणि तिनं दार ओढलं. उजेड दाराशी पोचला तेव्हा दार जवळजवळ लागलेलं होतं. फक्त तिच्या उजव्या हाताची चार बोटं फळीच्या कडेवरून आत आलेली होती. मग ती सुटली आणि दार लागलं. त्यात किती वेळ गेला ते द्वारकाला कळलं नाही.

चारही तुकडे दारापासून मागं वळून सरकत सरकत द्वारकाकडं गेले आणि तिच्या अंगाला लागले. त्याच संध्याकाळी मुजावरांचा हात भिंतीवरून खाली आला.

हर्डीकर डॉक्टरीणबाई पुढं बरीच वर्षं पथक चालवत होत्या, पण हात वर करायला त्यांनी पुन्हा कुणाला सांगितलं नाही. सिस्टर गायकवाड निवृत्त होऊन भावाकडं गेल्या आणि तिथंच वारल्या. मुजावरांनी अंगणातली ती भिंत पाडली. रबियाभाभी दर ईदला खीर पाठवत राहिली, भांडं मात्र कधी आत येऊन देत नसे. तात्यांनी द्वारकाला शेवटपर्यंत पट्ट्या करून दिल्या. त्यांच्या मागं कपाटात सहा तयार जोड सापडले, सगळे तिच्या मापाचे. भालचंद्र गेला त्याला अकरा वर्षं झाली. द्वारकाची सकाळ अजून चारला संपते. आता औषधं नवी आहेत, पण उरलेली कुणाच्या वाट्याला जाईल या धास्तीनं तिनं आपली सकाळ आखडून घेतली नाही. कुणाला तिच्या खोलीत बसू मात्र देत नाही.

शैला साताऱ्याला असते. तिची मुलं मोठी झाली. गेल्या दिवाळीला ती आली, तेव्हा संध्याकाळी दोघी अंगणात बसल्या होत्या. सूर्य मावळतीला टेकला होता. तुळशीच्या कट्ट्याची, दोरीवरच्या कपड्यांची, शैलाच्या डोक्याची, सगळ्यांची सावली पूर्वेकडं पडली होती. फक्त तिच्या उजव्या हाताच्या चार बोटांची पश्चिमेकडं पडली होती, सकाळी पडते तशी, लांब आणि स्वच्छ. शैला बोलत होती, हसत होती. तिचं लक्ष नव्हतं. द्वारकानं त्या बोटांवर आपली सावली धरायला अंग सरकवलं, पण चार केव्हाच वाजून गेले होते, तिची सावली बाकीच्यांसारखी पूर्वेकडंच पडली होती.