हवालदाराची हुंगायची गोधडी

दत्तोपंतांना कुत्र्याच्या लाळेची किळस होती आणि त्या किळसेपायीच कुत्र्याचा पाय मोडला होता. हे घरात दोघांनाच ठाऊक होतं. एक दत्तोपंत, दुसरा कुत्रा. पैकी एक बोलत नव्हता आणि दुसऱ्याला बोलता येत नव्हतं.

कुत्रा ईराचा, म्हणजे मुलीचा. नोकरीसाठी बंगळूरला जाताना तिने हवालदार नावाचं हे तांबूस, एक कान पडका असलेलं गावठी जनावर आईवडिलांच्या गळ्यात मारलं. शाळेच्या कचेरीत एकतीस वर्षं हेडक्लार्की करून पाकिटाला कधी जीभ न लावलेले दत्तोपंत त्याला सकाळी फिरवू लागले. पाय मोडला त्या दिवशी हवालदाराने गळ्यातल्या पट्ट्याची दोरी तोंडात धरून चघळली. दत्तोपंतांच्या हाताला काहीतरी कोमट, बुळबुळीत लागलं. त्यांनी दोरी सोडली आणि खिशातून रुमाल काढला. चार बोटं पुसून होईपर्यंत दापोड्याच्या गोदामाकडे निघालेला टेम्पो येऊन गेला होता.

घरी त्यांनी सांगितलं, "हिसका मारून सुटला."

मागच्या पायात सळई घालावी लागली. डॉक्टर सुकन्या म्हणाल्या, "सहा आठवडे उडी नाही, धावणं नाही. सळई सरकली तर पाय काढावा लागेल. आणि नुसतं बांधून ठेवू नका, वेडा होईल. हुंगणं, चाटणं, चावणं, यात गुंतवा. कुत्रा नाकाने दमला की गप पडतो."

ईराने लगेच खेळणी मागवली. खोक्यात एक पोकळ रबरी भोपळा होता, त्यात खाऊ ठासून भरायचा. एक खाचाखाचांची चटई होती, तिच्यावर दही फासून ती चाटायला द्यायची. आणि एक झालरींची गोधडी, जिच्या घड्यांत खाऊ लपवायचा.

"मला लहानपणी एक भोवरा मिळाला होता," दत्तोपंत म्हणाले. "तोही थोरल्याचा, आर मोडलेला."

"तुमचा पाय मोडला नव्हता," विद्युल्लताबाई म्हणाल्या.

हवालदाराने चटई चाटली. भिजक्या चपलेने कोणी जिना चढावा तसा आवाज वीस मिनिटं येत होता. मग चटईवर दही, लाळ आणि तीन तांबडे केस यांचं जे काही उरलं, ते पाहून दत्तोपंतांनी दुपारचा आमटीभात सोडला. त्यांनी रबरी हातमोजे चढवले, चटई साबणाने घासली, कढत पाण्यातून काढली, जंतुनाशकात बुडवली आणि उन्हात घातली. भोपळा आणि गोधडीचंही तेच. दिवसातून तीनदा. चौथ्या दिवशी हवालदार चटईशी गेला, ती हुंगून शिंकला आणि दाराकडे तोंड करून बसला.

त्यात शुक्रवार आला. शुक्रवारी गल्लीतले यंत्रमाग बंद. एरवी त्या खडखडाटात हवालदाराला शेजारची बेलही ऐकू येत नाही. शुक्रवारी गल्ली मुकी झाली की त्याला तळमजल्यावरची चप्पलसुद्धा कळते. दुपारपर्यंत तो सात वेळा उठला, एकदा दारावर झेपावला आणि टाक्यांतून रक्त आलं.

"अशी अजून एक उडी," डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "की पाय गेला."

भांड्याला येणाऱ्या गुणाबाई वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या पाड्यातल्या. त्यांनी भोपळा उचलून नाकाला लावला.

"काका, याला दवाखान्याचा वास येतो. सुई टोचनाऱ्याच्या हाताचा. कुत्रा तोंड कशाला लावंल?"

"स्वच्छ आहे ते!"

"तेच सांगते ना. आतमधी काय भरलाय?"

"उकडलेला दुधी."

गुणाबाईंनी भोपळा खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला. "दुधी! आमच्याकडला कुत्रा दुधी बघून मानसाला चावंल."

पुढच्या शुक्रवारी त्या मुठीएवढी सुकट घेऊन आल्या, सोबत मागाच्या कारखान्यातल्या चिंध्यांचं बोचकं. सुकटीच्या पिशवीचं तोंड सुटताच वास घरभर पसरला. या घरात तीन पिढ्या मासळी शिरली नव्हती.

"बाल्कनीत," विद्युल्लताबाई देवघराचं दार लावत म्हणाल्या. "आणि तुम्हीही तिथेच राहा."

दत्तोपंतांनी हातमोजे घेतले.

"त्ये न्हाय चालायचं," गुणाबाई म्हणाल्या. "रबराचा वास लागंल. मी दोन घरं करून जानार, मंग कोन भरनार? शिकून घ्या."

दत्तोपंतांनी श्वास रोखला आणि पिशवीत हात घातला. सुकट बोटांना चिकटली. बारीक काळे डोळे, मिशा, ओलसर खारट भुगा. चिमूट चिंधीत ठेवायची, गाठ मारायची, ती गाठ गोधडीच्या झालरीत खुपसायची. विसाव्या गाठीला वास नखांच्या आत शिरला होता आणि हवालदाराच्या नाकपुड्या भात्यासारख्या चालू होत्या.

तो पाऊण तास गोधडीत तोंड खुपसून बसला. फुसफुसत होता, थुंकी उडवत होता, गाठी दातांनी सोडवत होता. दत्तोपंतांना एवढं किळसवाणं काही पाहिल्याचं आठवत नव्हतं. पण ते बसून होते. बोटं रुमालाला पुसत होते.

तेवढ्यात बेल वाजली. सिलिंडरवाला बाळाराम, हवालदाराचा जिवलग. विद्युल्लताबाईंनी दार उघडलं आणि हवालदाराने झेप घ्यायला अंग गोळा केलं.

गळ्यातला पट्टा लाळेने आणि सुकटीच्या भुग्याने लडबडलेला होता. दत्तोपंतांनी रुमाल टाकून दिला आणि तो पट्टा दोन्ही हातांनी आवळून धरला. हवालदाराने एक हिसका दिला. त्यांनी सोडलं नाही. मग त्याचं नाक खाली पडलेल्या रुमालाकडे वळलं. त्याने तो ओढून घेतला, पुढच्या पायांखाली दाबला आणि मोडका पाय पसरून आडवा झाला. बाळाराम रिकामं सिलिंडर घेऊन गेलासुद्धा.

संध्याकाळी ईराचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, हात असे लांब का धरलेत?"

"ईरा, त्या दिवशी त्याने हिसका नव्हता मारला. दोरी मी सोडली. हात पुसायला."

विद्युल्लताबाईंची जपमाळ थांबली.

"आणि आता?" ईराने विचारलं.

"आता रुमाल त्याच्याकडे आहे."

कॉलभर रुमाल चघळल्याचा आवाज येत होता, आणि तो खरोखरच किळसवाणा होता.