क्ष म्हणजे कोणतं

दवाखान्यात उद्यापासून बाबांच्या जागी मुलगी कंपाउंडर होणार होती. औषधांच्या खोलीत बाबांनी तिला गणित घातलं: जखमा धुण्याचं दोन टक्क्यांचं आणि पाच टक्क्यांचं औषध मिसळून तीन टक्क्यांचं बारा लिटर कर.

तिने कागदावर समीकरण सोडवलं. "क्ष बरोबर आठ. हातचा मळ!" म्हणत तिने आठ लिटर मोजायला पाच टक्क्यांचा कॅन उचलला.

बाबांनी कॅनवर हात ठेवला. "क्ष म्हणजे कोणतं?"

"अहो बाबा, उत्तर बरोबर आहे की!"

वीस वर्षांपूर्वी त्यांचंही उत्तर बरोबरच होतं. आठ लिटर दोन टक्क्यांचं हवं होतं, त्यांनी पाचचं ओतलं. "भाऊ, आज फार झोंबतंय हो," जखम धुताना एक म्हातारी म्हणाली होती. "माझं गणित चुकत नाही, आजी. सोसा जरा." तिची कातडी भाजून निघाली.

मुलीने कॅन खाली ठेवला आणि समीकरणाच्या वर लिहिलं: क्ष म्हणजे दोन टक्क्यांचं औषध.

"आता?"

बाबांनी मान डोलावली. कानात म्हातारी रोजच्यासारखी म्हणाली, "झोंबतंय हो."

"थांबा, धुऊन काढतो, आजी," ते पुटपुटले.

"कोणाशी बोलताय?" मुलीने विचारलं.