गोधडीतलं जांभळं पातळ

सुचेताची कल्पना चांगली होती, तिला नावं ठेवायला जागा नाही. जुन्या सुती साड्यांचे कुर्ते शिवायचे, कुणालाही परवडतील असे, आणि चिंधीसुद्धा वाया घालवायची नाही. ती राहायची त्या भोपाळच्या एका कारखान्याच्या टाउनशिपमधल्या बायका हौसेने गाठोडी आणून द्यायच्या. महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमधलं पहिलं प्रदर्शन नीट पार पडलं, तर आनंद नगरात गाळा घ्यायचा होता. पण प्रदर्शन चार दिवसांवर आलं आणि मांडायला कुर्ते एकोणीसच.

नेमकी तेव्हाच शेजारच्या क्वार्टरमधल्या मनोरमाकाकूंनी तिच्याकडे गोधडी शिवायला टाकली. त्यांची लेक अलका बाळंतपणाला आली होती. वर-खाली लावायला दोन साड्या आणि मधल्या थराला एक जांभळं पातळ. "हे आत घाल हं. अलका याच्याच उबेत वाढली," एवढं सांगून काकू गेल्या.

पातळ धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालं होतं, रंग मात्र अजून टवटवीत. सुचेताची नियत फिरली, दुसरं काय म्हणायचं? गोधडीच्या आत काय आहे ते कोण उसवून बघतंय? तिने आत स्वतःच्या घरचा जुना पडदा घातला, धावदोरा मारला आणि गोधडी पोचती केली. पातळाचा पायघोळ कुर्ता केला. छातीशी रफू दिसत होतं, त्यावर कापडाचं पान शिवलं.

प्रदर्शनात काकू सरळ त्या कुर्त्यापाशीच थांबल्या. पानावरून बोट फिरवलं, कुर्ता उलटा केला. आतून रफू स्पष्ट दिसत होतं. ते त्यांच्याच हातचं होतं.

तेवढ्यात एक कॉलेजची मुलगी सुचेताला म्हणाली, "दीदी, ये वाला मुझे चाहिए."

"बेटा, ये मैंने ले लिया," काकू म्हणाल्या आणि चिठ्ठीवरची किंमत मोजून सुचेतापुढे ठेवली.

"काकू, पैसे नकोत," सुचेता कसंबसं म्हणाली.

"का नकोत? शिलाई तुझी आहे. संध्याकाळी घरी ये."

दिवसभर गिऱ्हाईक कौतुक करत होतं आणि तिला प्रत्येक शब्द बोचत होता. लाजेने मान वर करवत नव्हती.

संध्याकाळी ती गेली. काकूंनी गोधडीची एक बाजू उसवून ठेवली होती. शेजारी कुर्ता होता, आणि त्यावर नीट घडी घातलेला पडदा.

"कुर्ता उसवून परत आत घाल. पान राहू दे, चांगलं जमलंय," काकू म्हणाल्या. मग पडदा तिच्या हातात दिला. "हा तुझा. कापड बरं आहे अजून. याचा कुर्ता होईल."

काकूंच्या आवाजात राग नव्हता. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुचेताला वाटलं. ती तो पडदा छातीशी धरून तिथेच उभी राहिली.