रंगाऱ्याचा डबा आणि तपकिरी बाटली

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. झाकणाला एक पोचा आहे, आणि पोटात जस्ताचे पांढरे मलम. माझे धनी रंगारी. उंच शिडीवर चढून घरांच्या बाहेरच्या भिंती रंगवतात. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या नाकावरचा एक वाईट डाग कापून काढला आणि बजावले, आता नाकाला ऊन लागू देऊ नका. तेव्हापासून ते रोज माझे झाकण उघडत. सोबतचे रंगारी विचारत, भिंत सोडून तोंडालाच चुना फासलास का रे? धनी ओशाळत. मला मात्र ते कौतुक वाटे.

मग त्यांच्या लेकीने एक तपकिरी बाटली आणली. लेक क्रीमच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. बाटलीत हिरव्या चहाच्या पानांचा अर्क होता. मलम ऊन अडवते, तरी थोडे ऊन आत शिरतेच. ते कातडीची जी नासधूस करते तिला अर्क आवर घालतो, म्हणून दोन्ही लावा, असे तिने समजावले. धन्यांनी सोयीचे तेवढेच ऐकले. अर्काने तोंड पांढरे होत नव्हते ना!

बाटली आरशापुढे गेली. मी कोपऱ्यात, आणि माझ्या डोक्यावर वाळलेले ब्रश. चार पानांचे पाणी, पण तोरा केवढा! तिचे बूच निसटावे, असे मला रोज वाटे.

आठव्या दिवशी धनी लालबुंद नाक घेऊन आले. मला आनंद झाला. मित्रांनो, हे सांगताना आजही लाज वाटते. कारण लेकीने टाक्यांच्या जुन्या खुणेजवळ बोट नेले आणि न टेकवताच मागे घेतले.

"बाबा, बाटली म्हणजे टॉवेल. छत्री तो डबा आहे. तुम्ही नुसता टॉवेल घेऊन पावसात गेलात."

"मग दोन्ही एकातच दे की," धनी हळूच म्हणाले.

डॉक्टरांनी नाक तपासले. या वेळी निभावले, म्हणाले.

लेकीने मला प्रयोगशाळेत नेऊन घासले आणि जस्त व अर्क मिळून केलेले, नीट तपासलेले नवे क्रीम माझ्यात भरले. झाकणावरच्या चिठ्ठीत 'हिरवा चहा' मोठ्या अक्षरांत आहे, जस्त बारीक. मी अजून जळतो. नव्याला जरूर घरात घ्या, मित्रांनो, पण जुने काय सांभाळत होते ते आधी विचारा.

धनी दर दोन तासांनी क्रीम पुन्हा लावायला शिडीवरून उतरतात. चिठ्ठी ते वाचत नाहीत. त्यांचा अंगठा थेट माझ्या पोच्यावर येतो.